दोन भोकांच्या पावत्या

१

तिसरा लिफाफाही आम्ही हरलो, तेव्हा माझ्या भाचीने खुर्चीचा हात इतका आवळला होता की तिची बोटं पांढरी पडली होती.

कारकुनाने आधी आमचा आकडा वाचला. अठ्ठेचाळीस लाख पंच्याहत्तर हजार. मग दुसरा लिफाफा कात्रीने कापला, आतला कागद उलटसुलट करून पाहिला आणि वाचलं, एक्कावन्न लाख दहा हजार. मागच्या रांगेतला पांढऱ्या शर्टातला गृहस्थ उठून सही करायला पुढे गेला. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा. जाताना त्याने आमच्याकडे बघून मान लववली, आणि मला त्याची ती सभ्यता अजिबात आवडली नाही.

मी आत्या. कर्ज देणाऱ्या एका संस्थेत एकतीस वर्षं घरांची किंमत ठरवण्याचं काम केलं. लोक मला चहा देत, मी त्यांच्या भिंतींवर टकटक करत असे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण एका जागी बसणं अजून जमत नाही. माझा भाऊ गेल्यावर त्याच्या दोन्ही मुलांनी बापाचं घर विकलं आणि त्या पैशांवर धंदा सुरू केला. जप्त झालेली जुनी घरं बंद लिफाफ्यातून बोली लावून घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची. धाकटी अंदाज काढते, थोरला कामावर उभा राहतो. सहा घरं सुरळीत पार पडली होती, सातव्याचं काम चालू होतं. आता तीन महिने पैसा नुसता पडून होता आणि मंजूर झालेल्या कर्जाची मुदत महिनाअखेर संपत होती. महिन्यातली शेवटची बोली शनिवारी दुपारी बारा वाजता. आज गुरुवार.

बाहेरच्या जिन्यात धाकटीने माझा दंड धरला.

"आत्या, दादा माझे आकडे विकतोय."

२

कोपऱ्यावरच्या हॉटेलात तिने वही उघडली. टेबल डुगडुगत होतं, तिचा पाय थांबत नव्हता, त्यामुळे ते आणखीच डुगडुगत होतं.

"पहिलं घर. आपले बेचाळीस लाख, त्याचे बेचाळीस लाख दहा हजार. दुसरं. आपले साडेछत्तीस, त्याचे छत्तीस लाख साठ हजार. दोन्ही वेळा बरोबर दहा हजारांनी. हा योगायोग असेल तर मी धंदा सोडते."

"आणि आज?"

"आज सव्वादोन लाखांहून जास्त पुढे गेला. चटावलाय. घर हवंच होतं त्याला."

मी तिचा हिशोब पाहिला. दुरुस्त झाल्यावर घर कितीला जाईल, त्यातून दुरुस्ती वजा, सहा महिन्यांचं व्याज वजा, नोंदणीचा खर्च वजा, नफा वजा. उरेल ती बोली. पोरीचं काम स्वच्छ असतं, ते मीच शिकवलंय. दाराच्या चौकटींपुढे मात्र खाडाखोड होती.

"इथे आधी किती होतं?"

"बुधवारी सकाळी मी परत जाऊन आले. चौकटीत पेचकस दाबला तर मुठीपर्यंत आत गेला. वाळवी. चौकटी, दारं सगळं नवीन धरलं आणि बोली उतरवली."

"उतरवायच्या आधी ती एक्कावन्न होती का गं?"

तिचा पाय थांबला.

"हो," ती म्हणाली. "मंगळवारपर्यंत. एक्कावन्नच." आणि मग अगदी हळू, "म्हणजे आजही दहा हजारच."

"हा आकडा कुणाकुणाला माहीत होता?"

"मला, दादाला. आणि वहिनीला, अर्ज तीच टाइप करते. मी कच्चे कागदसुद्धा फाडून टाकते, आत्या. कारागिरांना फक्त आपापल्या कामाचा भाग ठाऊक असतो. एकूण बेरीज आमच्या तिघांपलीकडे कुणाला कळत नाही."

तिने पर्समधून चार घड्या घातलेला टंकलिखित कागद काढून माझ्यापुढे ठेवला. भागीदारी मोडल्याचा कागद होता. तिची सही झालेली होती, थोरल्याची जागा कोरी होती.

"उद्या संध्याकाळी त्याच्यापुढे ठेवणार. शनिवारी दोन घरं आहेत. दुमजली घर दोघांच्या पैशात बसतं, सेहेचाळीसला घेतलं, अकरा दुरुस्तीला घातले तर अडुसष्टला जाईल. कोपऱ्यावरचं छोटं माझ्या एकटीच्या ऐपतीत आहे. नफा निम्मासुद्धा नाही. पण रात्री झोप तरी लागेल."

मी कागद तिच्याकडे परत सरकवला. या दोघांना मी अंगाखांद्यावर खेळवलंय. ताप आला की हा थोरला तिच्या उशाशी बसून तिला चुकीच्या गोष्टी सांगायचा, आणि ती तापातसुद्धा त्या दुरुस्त करायची.

"उद्या संध्याकाळपर्यंतचा वेळ मला दे," मी म्हटलं.

३

थोरला निर्दोष आहे, हे मला हॉटेलातच कळलं होतं. धाकटी रागात होती, म्हणून तिला दिसलं नाही. बोली उतरवली बुधवारी सकाळी. सुनेने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, नवा अर्ज टाइप केला बुधवारी दुपारी. लिफाफे टाकायची वेळ गुरुवारी सकाळी दहापर्यंत. थोरला किंवा सून आकडा फोडत असती, तर नवा कळवायला अख्खी संध्याकाळ हाताशी होती. आपल्याच गिऱ्हाइकाला उगाच दोन लाख पस्तीस हजार जास्त कोण भरायला लावेल? म्हणजे ज्याने फोडला त्याला जुना आकडा ठाऊक होता आणि नव्याचा पत्ताच नव्हता.

पण असा चौथा माणूस कोण, हे काही मला सांगता येईना. ते सांगता येत नाही तोवर धाकटीचं समाधान होणार नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या चालू कामावर जाऊन थडकले.

घर अर्धं सोललेलं होतं. थोरला न्हाणीघरात फरशीचा उतार पाहत होता, बादलीने पाणी ओतायचा आणि ते कुठे जातंय ते बघायचा.

"आत्या, धाकटी चिडलीय का गं माझ्यावर?" त्याने वर न बघताच विचारलं. "दोन आठवडे झाले, माझ्याशी नुसती मापांत बोलते."

"तू काही केलंयस का?"

"तेच तर समजत नाही." पाणी कोपऱ्यात साचलं. "मिस्त्री! इथे अजून एक सूत उतार हवा!"

मिस्त्री आतून आले. माझ्या भावाच्या वेळेपासूनचे. केस पांढरे, त्यात सिमेंट, कुठलं काय ते ओळखू येत नव्हतं. त्यांचा फोन वाजला तसा त्यांनी खिशातून बटणांचा जुना फोन काढला, रबराने बांधलेला.

"धाकट्या ताई रोज रागावतात," ते मला म्हणाले. "टाइल्सचे फोटो पाठवायचे तर कुठे पाठवू, म्हणतात. मी म्हटलं, ताई, मी येऊन बघतो की."

"पुढच्या घराचं काम धरलंय का, मिस्त्री?"

"ते धाकट्या ताईंनाच माहीत." त्यांनी थापी पुसली आणि पुन्हा आत गेले.

तेवढ्यात दलाल आला. हा घरासाठी गिऱ्हाईक आणतो आणि विक्री झाली की दोन टक्के घेतो. हातात सतत फोन. मला नमस्कारही त्याने फोन धरलेल्या हातानेच केला.

"मॅडम, हे तीनही घरं घालवतायत, इकडे माझी चूल थंड पडलीय. त्या पांढऱ्या शर्टाच्या घरांची विक्री त्याचा मेव्हणा बघतो, मला दारातसुद्धा उभं करत नाही तो." बोलता बोलता तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेला. तिथे खिळ्याला पावत्यांची तार अडकवलेली होती, टोकाकडून वर वळलेली, कागदांनी गच्च. वरचे पाच-सहा कागद त्याने अंगठ्याने उचलून धरले, खालच्या टाइल्सच्या बिलाचा तिथल्या तिथे फोटो काढला आणि कागद सोडून दिले. "गिऱ्हाइकाला कंपनी कळायला हवी ना."

मी त्या तारेकडे बघत राहिले. ही तार मी ओळखत होते.

४

ही दोघं लहान असताना वाण्याच्या पावत्या मी त्यांच्याकडून अशाच तारेत ओवून घ्यायचे. धाकटी सात वर्षांची, थोरला दहाचा. कागद हरवायचा नाही, नवी पावती वर, आणि एकदा ओवलेली पावती काढायची नाही. संस्थेतली माझी शिस्त मी घरी आणली होती. भाऊ हसायचा. माझ्या या दोन मोत्यांनी मात्र ती शिस्त धंद्यातही जपली, एक पावती सोडली नाही.

दलाल गेल्यावर मी तार खाली काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर एकेक कागद उलगडत गेले. सिमेंट. खिळे. रंग. रेतीची पावती, बुधवारची. आणि तिच्या वर बँकेची पावती, मंगळवारची. पाच लाख दहा हजारांचा ड्राफ्ट.

मी खाली सांडलेल्या प्लास्टरवरच बसले.

बोलीबरोबर किमान दहा टक्के अनामत ड्राफ्टने भरायची असते. पाच लाख दहाची दहापट म्हणजे एक्कावन्न. बुधवारी बोली उतरवली तरी ड्राफ्ट बदलायची गरज नव्हती, थोडा जास्त असला तर चालतो. धाकटी कच्चे कागद फाडते, टाइप झालेला अर्ज स्वतः लिफाफ्यात बंद करते, आणि मग बँकेतून आल्यावर त्याच दिवशी ड्राफ्टची पावती चालू कामावरच्या तारेत ओवते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कारण कागद हरवायचा नाही.

पुढे बघत गेले. प्रत्येक कागदाला एक भोक. या पावतीला दोन. खाली दुसऱ्या घराची बँकेची पावती, तिलाही दोन. पहिल्या घराची, दोन. म्हणजे या तीन पावत्या कुणीतरी तारेतून काढल्या होत्या आणि पुन्हा ओवल्या होत्या. ताजी पावती मंगळवारची असून बुधवारच्या रेतीच्या वर होती, म्हणजे ती मधला काही वेळ या घरातच नव्हती.

मी उठले, खिडकीपासून दारापर्यंत चार फेऱ्या मारल्या. दलालाला पावती काढायची गरजच नव्हती, त्याने माझ्यासमोर जागेवर फोटो काढून दाखवला होता. आकडा नुसता वाचून लक्षात ठेवायचा तरी कागद घराबाहेर न्यायचं कारण नाही. तो न्यावा लागतो फक्त कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवायचा असेल तेव्हा, आणि ज्याच्या फोनला फोटो काढता येत नाही त्याला.

तारेच्या अगदी तळाशी, पहिल्या पावतीच्याही आधीच्या तारखेचा, आणखी एक कागद होता. त्यालाही दोन भोकं होती. तो वाचला आणि मला एकदम खूप थकल्यासारखं झालं.

५

मिस्त्री न्हाणीघरात एकटेच उतार दुरुस्त करत होते. थोरल्याला मी सिमेंट मोजायच्या निमित्ताने बाहेर धाडलं होतं.

तळातला कागद मी त्यांच्यापुढे धरला. दुसऱ्या एका ठेकेदाराने प्लास्टर आणि फरशीचा दर लिहून दिला होता, मिस्त्रींपेक्षा बराच कमी. कोपऱ्यात लाल शाईने धाकटीचं अक्षर: पुढचं घर यांना द्यावं का?

मिस्त्रींनी कागद हातात घेतला नाही. घेतला असता तर निदान पहिल्यांदाच बघतायत असं वाटलं असतं. त्यांनी थापी बादलीत ठेवली, हात धुतले, आणि ओल्या फरशीच्या कडेला बसले.

"माझं बिल ओवताना दिसला," ते म्हणाले. "घरी नेला. पोराकडून दोनदा वाचून घेतला, म्हटलं माझी चूक होत असेल. तुमच्या भावाच्या पहिल्या घराचा पाया मी खणलाय, ताई. माझ्या पोरीचं लग्न, त्यांचं आजारपण, सगळं ही कामं चालू असतानाच झालं. आणि कागदावर, यांना द्यावं का."

"तिने दिलं नाही ना पण. तीन महिने झाले, अजून तुम्हीच आहात."

"पण विचारलंही नाही. रोज समोर उभ्या राहायच्या. दर परवडत नाही मिस्त्री, एवढं म्हणाल्या असत्या तर मी उतरवला असता, नाहीतर भांडलो असतो. मी वाट बघत होतो. घर घेतलं की मला काढतील. मग म्हटलं, घेऊच नयेत."

पांढरा शर्ट त्यांना सिमेंटच्या दुकानात भेटला होता. पैसे त्यांनी घेतले नाहीत. दोन वर्षांच्या पक्क्या कामाचा शब्द घेतला. तोंडी आकड्याला तो हसला आणि कागद आणा म्हणाला. दहा टक्क्यांचं गणित त्याचं त्याला ठाऊक होतं. मिस्त्री संध्याकाळी पावती खिशात घालून नेत आणि दुसऱ्या दिवशी परत ओवत.

"जुनं भोक का नाही शोधलंत?" मी विचारलं. खरं तर हे विचारायची काही गरज नव्हती.

"हात थरथरायचा," ते म्हणाले.

मग थापी पुन्हा उचलत म्हणाले, "कालचं घर घेतलं नाहीत ते बरं झालं. वाळवी नुसती चौकटींत नाही. वरच्या तुळयांमध्येही आहे. मी तिथे पूर्वी काम केलंय. त्याला सांगितलं नाही."

हे त्यांनी आमच्यासाठी केलं की बोलता बोलता सुचलं, मला आजही ठरवता येत नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्या शेजारी त्या ओल्या फरशीवर बसावंसंही वाटत होतं.

दारात काहीतरी हललं. धाकटी उभी होती. कधीपासून, कोण जाणे. हातात पर्स होती.

६

धाकटी आत आली. मिस्त्रींकडे बघायचं टाळून ती स्वयंपाकघरात गेली आणि कट्ट्यावर पसरलेल्या पावत्या एकेक करून पुन्हा ओवायला लागली. तिसऱ्याच पावतीला तिच्या बोटात तार घुसली.

"तू सांगत का नाहीस, की चूक माझी आहे?" ती म्हणाली.

"निम्मी माझी. तार मी दिलेली." मी तिचं बोट पदरात धरलं. "पण आकडा कुणी फोडला, हे विचारायला तू माझ्याकडे आलीस, दादाकडे गेली नाहीस. लाल शाईतला प्रश्न मिस्त्रींना विचारला नाहीस, कागदाला विचारलास. हिशोब चांगला येतो तुला. माणसांना तोंडावर विचारायचं मात्र तुझ्या जिवावर येतं."

लागेल असंच बोलले होते. तिला लागलं, आणि तिच्याबरोबर मलाही.

थोरला सिमेंटच्या गोण्या मोजून आत आला. दोघींचे चेहरे पाहून दारातच थांबला. धाकटीने सगळं सांगितलं, आडवळण न घेता, मापं सांगते तसं. मिस्त्री, पावत्या, पांढरा शर्ट. मग पर्समधून तो चार घड्यांचा कागद काढून त्याच्या हातात दिला.

"हा मी तुझ्यासाठी आणला होता. मला वाटलं होतं, तूच."

त्याने उभ्या उभ्या दोन्ही बाजू वाचल्या. न्हाणीघरात मिस्त्री अवजारं गोळा करत होते, त्यांचा आवाज येत होता. थोरल्याने स्वतःच्या सहीच्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला.

"दोन आठवडे," तो म्हणाला. "दोन आठवडे मी रात्री उठून बघायचो, उतार कुठे चुकला म्हणून. मला एकदा विचारलं असतंस तर?"

तिने रक्ताळलेलं बोट मुठीत धरलं. ती रडेल असं मला वाटलं, पण ती नुसती उभी राहिली. थोरला खिडकीकडे गेला. आता फाडणार, असं आम्हा दोघींना वाटलं, आणि मला तर तो फाडावा असंच वाटत होतं. त्याने कागदाच्या घड्या पुन्हा घातल्या आणि तारेच्या टोकात खुपसून तो ओवलेल्या पावत्यांवर सरकवला.

"राहू दे," तो म्हणाला. "कागद हरवायचा नाही." आणि मग डोळे पुसून, "दुमजलीचा आकडा किती धरलायस?"

शनिवारी त्यांनी सेहेचाळीस लाख वीस हजार भरले. ड्राफ्टची पावती माझ्या पर्समध्ये होती. पांढरा शर्ट आला होता, त्याचा आकडा एक लाख तीस हजारांनी खाली होता. आमच्या रांगेकडे त्याने पाहिलं नाही. पुढच्याच महिन्यात एक्कावन्न दहाच्या घराच्या तुळया उघडल्यावर त्याचं तोंड कसं झालं, ते दलालाने रस्त्यावरून फोटो काढून दाखवलं.

चालू घराचं काम मिस्त्रींनी पूर्ण केलं. न्हाणीघरात पाणी आता थेंबभरसुद्धा साचत नाही. दुमजलीच्या कामाला ते आले नाहीत. बोलावलं नव्हतं की बोलावूनही आले नाहीत, ते भाचरांपैकी कुणीच मला सांगत नाही. धाकटी एका रविवारी त्यांच्या घरी गेली होती, एवढं सुनेकडून कळलं.

तार आता दुमजलीच्या स्वयंपाकघरात आहे. मी जाते तेव्हा आधी तिच्यापाशी थांबते, वरच्या पावत्या अंगठ्याने उचलते आणि तो घड्या घातलेला कागद शोधून बघते. त्याला अजून एकच भोक आहे.